आस तुटू नये म्हणून



मराठीत ‘आस’ हा शब्द दोन लिंगांत चालतो. ती आस म्हणजे आशा, ओढ. तो आस म्हणजे दोन चाकांना जोडणारा आणि गाडीचा सारा भार पेलणारा दांडा. आमच्या खेड्यापाड्यांत त्याला कणा म्हणतात, आणि तोच गॅरेजात गेला की ‘एक्सल’ होतो. कवी माणसाला अशा शब्दांचा मोह पडतोच. पण आज मी बोलणार आहे ते लोखंडाच्या आसाविषयी, त्याच्या जोडीनं काम करणाऱ्या पाट्यांविषयी आणि या दोन्ही वस्तू आपल्या हातानं, आपल्या दुकानात घडवणाऱ्या माणसांविषयी.

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. इंजिनिअरिंगशी माझं नातं एवढंच की, मी कोल्हापूरचा आहे. पण ते पुरेसं आहे. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला तालमीतला शड्डू जसा ओळखता येतो, तसा लेथचा आवाजही ओळखता येतो.

आधी गाडीच्या खाली काय असतं ते पाहू. ट्रक डोळ्यांसमोर आणा. वर माल, त्याखाली चॅसिस, सगळ्यात खाली आस आणि चाकं. चॅसिस सरळ आसावर ठेवली तर रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट मालाला आणि माणसाच्या मणक्याला बसेल. म्हणून दोघांच्या मध्ये पोलादी पट्ट्यांची कमान बसवतात. सगळ्यात लांब तो मेन पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना वळवून केलेले डोळे. त्याखाली उतरत्या लांबीचे आणखी पाटे. मधोमध सगळ्यांना शिवणारा सेंटर बोल्ट, आणि आसाशी जखडणारे यू-बोल्ट. खड्डा आला की कमान सरळ होते, म्हणजे तिची लांबी वाढते. त्या वाढीला जागा मिळावी म्हणून एका टोकाला झोपाळ्यासारखी हलणारी कडी असते, तिला शॅकल म्हणतात. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यातच गाडीचं उसळणं शमतं.

इतके पाटे कशाला, एकच जाडजूड पाटा का नाही, असा प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर हिशोबात आहे. पट्टी दुप्पट जाड केली तर ती दुप्पट ताठ होत नाही, आठपट ताठ होते. ती वाकायलाच तयार नसते, आणि वाकवलीच तर लवकर तुटते. त्याऐवजी दोन पातळ पट्ट्या एकावर एक ठेवल्या, तर ताठपणा दुप्पटच वाढतो आणि प्रत्येक पट्टी आपापली पुरेशी वाकू शकते. एकट्या दांडग्यापेक्षा दहा लवचिक माणसं ओझं बरं उचलतात, तसंच हे.

आपल्या जुन्या बैलगाडीला हे पाटे नव्हते. लाकडी चाक, आरे, तुंबा, वरून लोखंडी धाव, आणि मध्ये आस. धक्का जायचा तो गाडीत आणि गाडीतून बैलाच्या मानेवर. पुढे हवेच्या टायरची डनलॉप गाडी आली आणि बैलाला पहिल्यांदा थोडा आराम मिळाला. तिलाही पाटे नसायचे, पण टायरमधली हवा हीच तिची स्प्रिंग. आमच्या शाहू महाराजांच्या आठवणींत ‘खडखडा’ नावाची घोडागाडी वारंवार येते. हा राजा त्या गाडीतून गावोगाव फिरायचा. ती गाडी कशी चालत असेल, हे तिचं नावच सांगतं!

आता या पाट्यांच्या दुकानात चला. जिथं ट्रक मुक्कामाला थांबतात तिथं पाटेवाला असतोच. माझ्या माहितीतले एक मिस्त्री आहेत. वय सत्तरीकडे झुकलेलं, शिक्षण चौथी. त्यांच्याकडे मी पुष्कळदा नुसता बसायला जातो. ट्रक जॅकवर चढवलेला असतो, यू-बोल्ट उघडलेले असतात आणि पाटे पत्त्यांसारखे जमिनीवर मांडलेले असतात. मिस्त्री एकेक पाटा एका हातात लोंबता धरतात आणि दुसऱ्या हातानं त्यावर हातोडी मारतात. चांगला पाटा घंटेसारखा वाजतो. ज्याला चीर गेली आहे त्याचा आवाज बद्द येतो. आपली आजी मडकं घेताना बोटानं टिचकी मारून बघायची, तीच ही परीक्षा.

मी एकदा त्यांना विचारलं, “मिस्त्री, पाटा अचानक तुटतो का हो?”

ते म्हणाले, “भाई, लोखंड कधी अचानक तुटत न्हाई. ते लई दिवस आधी सांगत असतंय. ऐकणारा पायजे.”

कमान उतरलेला पाटा पुन्हा चढवायचा, म्हणजे त्याला नव्यानं बाक द्यायचा, हे काम दिसतं सोपं. भट्टीत घालायचा, लाल करायचा, साच्यावर ठोकायचा. पण खरी कसोटी त्यानंतरची. पाट्याचं पोलाद साध्या सळईचं नसतं, त्यात सिलिकॉन आणि मँगनीज असतं. ते साडेआठशे अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवलं की काचेसारखं कडक होतं. कडक म्हणजे ठिसूळ. तसाच बसवला तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात दोन तुकडे. म्हणून तो पुन्हा, पण कमी, म्हणजे साधारण साडेचारशे ते पाचशे अंशांना तापवायचा. त्यानं कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. कारखान्यात हे काम तापमापक लावलेल्या भट्टीत होतं. आमच्या मिस्त्रींकडे तापमापक म्हणजे त्यांचे डोळे. लोखंडाचा रंग ते ओळखतात. शिवाय त्यांच्याजवळ जुन्या लाऊडस्पीकरमधलं एक लोहचुंबक आहे. लोखंड सुमारे ७७० अंशांच्या वर गेलं की त्याला चुंबक चिकटत नाही. चुंबक सुटलं की आणखी थोडं तापवायचं आणि मग तेलात. का सुटतं, ते मिस्त्रींना ठाऊक नाही. पण सुटतं, आणि सुटल्यावर काय करायचं, ते पक्कं ठाऊक आहे.

‘मिस्त्री’ हा शब्दही मोठा प्रवास करून आला आहे. पोर्तुगीजांच्या ‘मेस्त्र’पासून, म्हणजे उस्तादापासून, आपला मेस्त्री झाला आणि मेस्त्रीचा मिस्त्री. कोल्हापूरनं त्याची पदवी केली. मराठी सिनेमाच्या पाया घालणाऱ्यांपैकी बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री. परदेशी कॅमेरा हाती नव्हता तेव्हा या माणसानं आपल्या सोबत्यांसह कोल्हापुरातच कॅमेरा घडवला. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. उद्यमनगरात म्हादबा मिस्त्री शेळके, वाय. पी. पोवार ही नावं आजही आदरानं घेतली जातात. शेतावरच्या ऑइल इंजिनांचे सुटे भाग करता करता या गावात इंजिनंच होऊ लागली. इंजिनासाठी ओतकाम आलं, ओतकामासाठी फौंड्र्या आल्या, आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असा पसारा वाढत गेला. आज देशातल्या कितीतरी ट्रक-ट्रॅक्टरांचे ओतीव भाग कोल्हापूरच्या मातीच्या साच्यांतून बाहेर पडतात.

म्हणजे ‘आणून बसवू’ यापेक्षा ‘करून बघू’ हे या गावच्या स्वभावातच आहे. आणि आमच्या भागातले रस्तेही असे की करून बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गगनबावड्याचा पाऊस आठवा. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडीला आणि चंदगडच्या बाजूला बॉक्साइटच्या खाणी निघाल्या. तिथल्या तांबड्या चिखलातून ट्रक खाली उतरवायचे, ते काम कॅलेंडरवरच्या गुळगुळीत ट्रकचं नव्हे. उसाचं तर विचारूच नका. ऊस रस्त्यावर उगवत नाही. तो चिखलाच्या फडातून, ओढ्याच्या काठानं, पाणंदीतून बाहेर काढावा लागतो. पाणंद म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवताचा उंचवटा. तिथं भरलेली ट्रॉली एका चाकावर कलते तेव्हा त्या बाजूच्या आसावर काय येत असेल, याचा विचार करा.

स्वातंत्र्यानंतर लगोलग मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू झाली, आणि पुढे ही जीप आमच्या डोंगरी भागाची लाडकी झाली. तिचं कारण तिच्या साधेपणात होतं. पुढं-मागं दोन्हीकडे सरळ आस आणि पाटे. कुठलाही गावठी मिस्त्री उघडून बसवू शकेल असं यंत्र. तिचीच पुढे ‘वडाप’ झाली. आत किती माणसं आणि टपावर किती, याची मोजदाद कुणी केली नाही. मालक मिस्त्रीकडे यायचा आणि म्हणायचा, “दोन पाटे वाढवा, गाडी मागनं बसाय लागलीया.” मिस्त्री वाढवायचे. गाडी ताठ उभी राहायची. मालक खूश.

पण वाढवलेला पाटा भार नाहीसा करत नाही, हे लक्षात घ्या. तो फक्त भार पुढे सरकवतो. पाटा जेवढा ताठ, तेवढा धक्का कमी शोषला जातो आणि तेवढा तो आसावर, हबवर, बेअरिंगवर जातो. आधी पाटा तुटायचा, तो शंभर-दोनशे रुपयांत बदलायचा. आता पाटा शाबूत राहतो आणि आस तुटतो. घरातल्या एकानं सगळं सोसायचं नाकारलं की ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला जातं. लोखंडाच्या घरातही तोच न्याय आहे.

आजकाल जीप उंच करून, मोठी रुंद चाकं बसवून आंबोली-गगनबावड्याच्या बाजूला चिखलात खेळणारे हौशी तरुणही मिस्त्रीकडे येतात. हौसेला माझा विरोध नाही. पण चाक बाहेर सरकलं की आसावरची तरफ लांब होते, हे त्यांनी समजून घ्यावं. गाडी उंच झाली की तिचा तोल वर जातो आणि वळणावर ती लवकर कलंडते. जिथं चिखलात मजा येते, त्याच गाडीनं संध्याकाळी महामार्गावरून घरी यायचं असतं.

घरच्या घरी गाडी करण्याचं अलीकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार. आडनावाप्रमाणे व्यवसाय लोहाराचा. मुलाची हौस पुरवायची होती, नवी मोटार घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून त्यांनी भंगारातले भाग जमवून, सुमारे साठ हजार रुपयांत एक छोटी चारचाकी उभी केली. दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिचं चित्रण देशभर पसरलं. आनंद महिंद्र यांनी ते पाहिलं, कौतुक केलं, आणि त्याच वेळी हेही स्पष्ट सांगितलं की ही गाडी नियमांत बसणारी नाही. तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीही.

या गोष्टीतलं मला काय आवडलं सांगू? दोन वाक्यं एकाच वेळी खरी होती. ही गाडी कौतुकाला पात्र आहे, आणि ही गाडी रस्त्यावर चालवायला पात्र नाही. आपण बहुतेक वेळा यातलं एकच वाक्य बोलतो. एक तर ‘वा, काय डोकं आहे आपल्या माणसाचं!’ म्हणून टाळ्या वाजवतो, नाही तर ‘गावठी काम’ म्हणून नाक मुरडतो. दोन्ही वाक्यं एकत्र तोलून धरणं, हेच तर अवघड आहे.

कारण आस तुटला की काय होतं, हे जगानं फार पूर्वी पाहिलं आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला. मागचे डबे इंजिनावर चढले, आग लागली, आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे डब्यांना बाहेरून कुलपं होती. पन्नासहून अधिक माणसं गेली. त्यांत ड्यूमाँ द्युरव्हिल हे नामवंत दर्यावर्दी संशोधकही होते. पृथ्वीच्या टोकापर्यंत जहाज नेऊन सुखरूप परतलेला माणूस, एका सहलीच्या गाडीत, एका दांड्यामुळे गेला.

त्या अपघातानंतर प्रश्न उभा राहिला की, चांगल्या लोखंडाचा, पुरेशा जाडीचा आस मोडला कसा? पुढे ऑगस्ट व्होलर नावाच्या जर्मन रेल्वे अभियंत्यानं १८५० आणि १८६० च्या दशकांत आस फिरवून फिरवून, वाकवून वाकवून प्रयोग केले. त्याला दिसलं की, एका दणक्यात जो भार लोखंड सहज पेलतं, त्याहून पुष्कळ कमी भार लाखो वेळा पुन्हा पुन्हा दिला तर तेच लोखंड तुटतं. लोखंडही थकतं. इंजिनिअरिंगमध्ये खरोखरच हाच शब्द वापरतात, थकवा. आगगाडीचा आस चाकाबरोबर फिरतो, म्हणून प्रत्येक फेऱ्यात त्याची वरची बाजू खाली येते आणि ताण उलटतो. उसाच्या ट्रॉलीचा आस फिरत नाही, पण प्रत्येक खड्ड्याला थोडा वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. फडापासून कारखान्यापर्यंत किती खड्डे, एका हंगामात किती खेपा, याचा हिशोब श्रोत्यांनीच करावा.

हा थकवा सुरू कुठं होतो? बहुतेक वेळा एखाद्या धारदार कोपऱ्यात. आपल्याकडे भंगारातला जुना आस आणतात, बेअरिंग बसावं म्हणून लेथवर त्याचं टोक उतरवतात. ५० मिलिमीटरचा दांडा ४५ मिलिमीटरचा केला, तर वाटतं पाचच मिलिमीटर तर गेले. पण वाकण्याला तोंड देण्याची त्याची ताकद पाव हिश्शाहूनही जास्त कमी झालेली असते. त्यात जाड भाग संपून बारीक भाग जिथं सुरू होतो, तिथं काटकोन ठेवला तर चीर तिथूनच जाते. चांगला कारागीर तिथं गोलाई ठेवतो. ती गोलाई वरून दिसत नाही, गिऱ्हाईक तिचे पैसे देत नाही. पण आसाचं आयुष्य तिच्यावर अवलंबून असतं.

तुटलेला आस कधी पाहिलात तर त्याच्या तोंडाकडे नीट बघा. एका बाजूचा भाग काळपट, गुळगुळीत दिसेल, आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक वळणदार रेषा. तो जुना भाग. तो महिनोन्‌महिने आतल्या आत तुटत होता. उरलेला भाग खडबडीत आणि चकचकीत. तो त्या दिवशी तुटला. आपण म्हणतो, “अचानक तुटला.” अचानक तुटला तो फक्त शेवटचा चकचकीत तुकडा. मिस्त्री म्हणाले होते ते याच अर्थानं.

असंच वेल्डिंगचं. तुटला की जोड, ही आपली सवय. साध्या लोखंडाच्या चौकटीला जोड चालतो. पण पाट्याच्या पोलादाला नुसता वेल्डिंगचा टाका मारला, तर टाक्याच्या शेजारची पट्टी एकदम तापून एकदम निवते आणि ठिसूळ होते. पाटा मग जोडाच्या कडेला तुटतो, आणि लोक म्हणतात, “बघा, जोड किती मजबूत होता, जोड नाही तुटला!” जोड मजबूत होता, पण त्यानंच शेजाऱ्याचा घात केला.

मग कायद्याचं काय? मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तसे मूलभूत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं की, उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल चालणार नाही. कायदा योग्य आहे. रस्ता सगळ्यांचा आहे. माझी हौस दुसऱ्याच्या जिवावर बेतू नये, हे त्यामागचं साधं तत्त्व. पण कायद्याला मिस्त्री दिसतो तो गुन्हेगार म्हणून, आणि मिस्त्रीला कायदा दिसतो तो पावती फाडणारा म्हणून. या दोघांमध्ये बोलणं होत नाही, हे माझं दुखणं आहे.

बोलणं होऊ शकतं, याचं एक उदाहरण देतो. २००७ पासून आपल्या देशात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘बाहा’ नावाची स्पर्धा भरते. अमेरिकेत ती १९७६ पासून आहे. मुलांनी स्वतः आराखडा करायचा, सांगाडा आणि चाकांची जोडणी स्वतः करायची, आणि खाचखळग्यांत चालणारी एका माणसाची गाडी उभी करायची. पण नुसती उभी करून भागत नाही. परीक्षक विचारतात, ही नळी एवढ्याच जाडीची का? हा बोल्ट इथंच का? ब्रेकची चाचणी घेतात. शेवटी चार तास ओबडधोबड वाटेवर गाडी पळवतात. जे टिकायचं ते टिकतं, जे मोडायचं ते तिथं मोडतं, भर रस्त्यात नाही. पुण्याला १९६६ पासून वाहनांच्या संशोधनाची एआरएआय ही संस्था आहे. तिथं तर वाहनाचे भाग यंत्रावर चढवून पुन्हा पुन्हा भार देऊन तपासले जातात. म्हणजे व्होलरचाच प्रयोग, आजच्या यंत्रांवर.

आमच्या मिस्त्रीला असं मैदान कोण देणार? त्याचा आस तपासला जातो तो थेट हमरस्त्यावर, आणि परीक्षा देतो तो ट्रॉलीवर बसलेला माणूस.

आता मला जे सुचवायचं आहे ते सांगतो. कोल्हापूरच्या फौंड्रीत ओतीव भागावर अक्षरं आणि आकडे उठवलेले असतात. कुठल्या दिवशीच्या, कुठल्या रसातून तो भाग ओतला हे त्यावरून कळतं. उद्या तो भाग जगात कुठंही तुटला तरी त्याचा माग कोल्हापूरपर्यंत काढता येतो. या एका ठशामुळं आमच्या फौंड्र्यांना बाहेर मान मिळाला, असं मी म्हणेन. ओतकाम तर सगळेच करतात. आपल्या चुकीचा पत्ता आपणच लिहून देणं, हे सगळ्यांना जमत नाही.

आमच्या मिस्त्रींचीही एक सवय आहे. ते स्वतः केलेल्या प्रत्येक आसाच्या टोकाला पंचानं दोन अक्षरं आणि साल मारतात. मी विचारलं, “हे कशाला? तुटला तर लोक तुम्हालाच धरतील की.”

ते हसले. म्हणाले, “धरूद्यात की. तुटला तर मला कळाय नको? न कळता मी तसलाच दुसरा करीन.”

आपण ज्याला कौतुकानं ‘जुगाड’ म्हणतो त्यात आणि कारागिरीत फरक असेल तर एवढाच. जुगाडावर कुणाचं नाव नसतं. तो वेळ मारून नेतो आणि विसरला जातो. कारागिरीवर नाव असतं, म्हणून ती पुढच्या खेपेला सुधारते. पोट, गरज, कल्पकता दोन्हीकडे सारखीच. जबाबदारी मात्र एकीकडेच.

म्हणून मला वाटतं, खासगी दुकानात होणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीच्या आसावर करणाऱ्याचा ठसा, साल आणि दांड्याची जाडी असावी. साखर कारखान्यांनी हंगामाच्या आधी एक दिवस ट्रॉल्या रांगेत उभ्या कराव्यात. आयटीआयची आणि तंत्रनिकेतनांची मुलं बोलवावीत, सोबत दोन जुने मिस्त्री बसवावेत. मुलांच्या हातात मापं असतील, मिस्त्रींच्या कानात अनुभव असेल. यू-बोल्ट आवळलेत का, शॅकल झिजलीय का, पाटा बद्द वाजतो का, हबजवळ तेल किंवा गंजाची रेघ दिसते का, एवढं पाहायला फार पैसा लागत नाही. आणि नवा पाटा बसवल्यावर काही दिवसांनी यू-बोल्ट पुन्हा आवळावेच लागतात, हे प्रत्येक चालकाला त्या दिवशी सांगावं. पुष्कळ पाटे पोलाद वाईट म्हणून तुटत नाहीत, ढिल्या बोल्टमुळे तुटतात.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून, मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांच्या ट्रॉल्या आमच्या जिल्ह्यात येऊ लागतात. रात्रीचा प्रवास असतो. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, चुलीची भांडी, कोपीसाठी लागणारं सामान, एखादी शेळी, आणि त्या सगळ्यावर गोधडी पांघरून झोपलेली लेकरं. त्यांच्या खाली लाकडी किंवा पत्र्याची फळी, फळीखाली चौकट, आणि चौकटीखाली कुणीतरी, कुठल्यातरी गावात, भंगारातून केलेला एक आस. तो कुणी केला, केव्हा केला, हे त्या आईबापांना ठाऊक नसतं. त्यांनी विचारलेलंही नसतं. त्यांनी विश्वास टाकलेला असतो.

त्या दांड्याच्या टोकाला दोन अक्षरं आणि साल कोरलेलं असावं, एवढंच माझं मागणं आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)